दर्शनी पाच गुंठे

सडकेच्या कडेला घर असावे, शेताचा एक बांध तरी सडकेला टेकलेला असावा, ही मागल्या पिढीतील संसारी माणसाची मोठी हौस होती. मुंबई-गोवा महामार्गावर पेण-माणगावपासून खाली कणकवली-कुडाळपर्यंतची कोणतीही जुनी वस्ती पाहावी. मूळची घरे आत, पाखाडीच्या टोकाशी, पाण्याच्या आणि सावलीच्या आधाराने वसलेली दिसतात, आणि नंतरच्या पिढ्या गाठीला पैसा लागला तसतशा सडकेकडे सरकत आलेल्या दिसतात; कोणी चहाचे हॉटेल घातलेले असते, कोणी पंक्चर काढण्याची टपरी उभारलेली असते, तर कोणी घराच्या पडवीतच किराणा मांडलेला असतो. ज्या सडकेने अशा कुटुंबांना पोसले तीच रुंद होऊ घातली म्हणजे एके दिवशी मोजणीदार दारात येतो, अंगणातल्या माडाच्या बुंध्यावर लाल रंगाने एक आकडा घालतो आणि पुढच्या घराकडे वळतो. त्या आकड्यापासून हातात पडणाऱ्या रकमेपर्यंतचा प्रवास कसा होतो, हे त्या घरातील माणसांना सहसा रक्कम हाती पडल्यावरच कळते.

या रकमेला आपण ‘मोबदला’ म्हणतो. शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने दप्तरात आलेला, आणि त्याचा धात्वर्थ अदलाबदल असा आहे. एक वस्तू द्यावी, तिच्या तोलाची दुसरी घ्यावी. भूसंपादनात मात्र अदलाबदलीतला एक पक्ष ‘देत नाही’ असे म्हणूच शकत नाही. संपत्तीचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या पंक्तीतून उठला आणि ‘कायद्याच्या आधाराखेरीज कोणाचीही संपत्ती हिरावली जाणार नाही’ एवढ्या आश्वासनानिशी अनुच्छेद ३०० अ मध्ये जाऊन बसला. नकाराचा अधिकार नसलेल्या माणसाला निदान तोल तरी नीट मिळावा, म्हणून जुन्या कायद्याने बाजारभावाच्या वर एक जादा रक्कम ठरवली. तिला सरकारी मराठीत ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. इच्छेविरुद्ध जमीन सोडावी लागली याचे ते मोल.

या दिलाशाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तो बाजारमूल्याच्या १५ टक्के होता. १९८४ च्या दुरुस्तीने तो ३० टक्क्यांवर गेला. राष्ट्रीय महामार्गांसाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा होता, तरी जमीन घेतली जाई ती प्रायः १८९४ च्याच कायद्याने. पुढे चौपदरीकरणाची निकड वाढली, कामे लवकर उरकावीत असे सरकारला वाटू लागले, आणि १९९७ मध्ये महामार्ग कायद्यात कलम ३ अ ते ३ ञ घालून संपादनाची एक आटोपशीर, वेगवान रीत बसवण्यात आली. त्यातल्या शेवटल्या कलमाने सांगितले की १८९४ चा कायदा या संपादनांना लागू होणार नाही. वाक्य लहान, पण त्याबरोबर दिलासा गेला आणि त्याला जोडलेले व्याजही गेले. परिणाम असा की एकाच शिवारातील एकाच बांधाच्या अलीकडची जमीन पाझर तलावासाठी घेतली तर मालकाला ३० टक्के अधिक मिळावेत आणि पलीकडची महामार्गासाठी घेतली तर एक पैही अधिक मिळू नये. जमीन तीच, मालकाचा नाइलाज तोच. फरक एवढाच की एकीवर पाणी साठायचे होते आणि दुसरीवर डांबर पडायचे होते.

हा भेद समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग यांच्या प्रकरणात सांगितले ते १९ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे दुरुस्तीनंतर बावीस वर्षांनी. त्या निर्णयाचा लाभ मागील प्रकरणांना देऊ नये, अशी विनंती महामार्ग प्राधिकरणाने पुढे केली. तिजोरीवरील भाराचे कारण तिच्यासाठी दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती विनंतीही न्यायालयाने अमान्य केली. दरम्यान २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला होता. त्याने दिलासा थेट १०० टक्क्यांवर नेला. परंतु महामार्ग कायद्यासह तेरा कायदे त्याने तूर्त आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते, आणि मोबदल्याच्या तरतुदी त्यांना लागू झाल्या त्या २०१५ साली, आधी वटहुकुमांनी व मग केंद्राच्या आदेशाने. म्हणून महामार्गाखाली जमीन गेलेला मनुष्य कायद्याविषयी विचारू लागला म्हणजे त्याला पहिला प्रतिप्रश्न करावा लागतो तो ‘किती गुंठे गेले’ असा नव्हे, तर ‘कोणत्या साली गेले’ असा.

आता हिशेब. जमिनीचे बाजारमूल्य ठरवताना मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला दर, म्हणजे ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात तो, आणि आसपासच्या तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यांत जे अधिक असेल ते धरतात. ग्रामीण भागात या मूल्याला एक ते दोन यांमधील एका गुणकाने गुणतात. गुणक किती हे राज्य शासन ठरवते. त्यात घर, विहीर, झाडे यांचे मूल्य मिळवतात आणि येणाऱ्या बेरजेइतकाच दिलासा तिच्यावर चढवतात. समजा, पाच गुंठे गेले, दर गुंठ्याला चाळीस हजार धरला, गुणक दोन आणि झाडांचे व कुंपणाचे मिळून एक लाख ठरले: जमिनीचे दोन लाख, गुणून चार, झाडांसह पाच, दिलाशासह दहा लाख. शिवाय प्रारंभीच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के. गुणक दोनाऐवजी एक धरला तर दहाचे सहा होतात.

या गणितात एक मेख गावानेच स्वतःसाठी मारून ठेवलेली असते. मुद्रांक शुल्क वाचवावे म्हणून खरेदीखतात किंमत कमी दाखवायची आणि उरलेली रक्कम हातोहात द्यायची, ही चाल आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला कोणी लबाडीही म्हणत नाही. संपादनाची वेळ आली म्हणजे तीच कमी दाखवलेली खते सरासरीसाठी दप्तरातून बाहेर येतात, आणि शेजाऱ्याने वाचवलेल्या शुल्काची भरपाई आपल्या मोबदल्यातून होताना पाहण्याचा प्रसंग मालकावर येतो.

परंतु माझ्या मते दराची तक्रार ही या विषयातील सर्वांत मोठी तक्रार नव्हे, केवळ सर्वांत मोठ्याने होणारी आहे. धरणासाठी गाव जाते तेव्हा ते सगळेच जाते. महामार्गाचे रुंदीकरण मात्र एक पट्टी घेते, पन्नास मीटर लांबीची आणि दहा मीटर रुंदीची, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांची, आणि ही पट्टी नेमकी दर्शनी असते. ज्या दोन एकरांतून हे पाच गुंठे गेले त्यांचे मोल त्या पाच गुंठ्यांवरच लटकलेले असते. दुकानाची पुढची खोली गेली तर मागची खोली कोठार होते, दुकान राहत नाही. विहीर पलीकडे आणि भाताचे खाचर अलीकडे राहिले तर मध्ये चार पदर, दुभाजक आणि भराव येतो. गुरे पलीकडे न्यायची तर कुठेतरी दूरवर असलेल्या भुयारी वाटेपर्यंत जाऊन परत यावे लागते. सडक उंच भरावावरून गेली तर पावसाळी पाण्याचा ओघ अडून उरलेल्या शेतात तुंबतो. सातबाऱ्यावर यातले काहीच उमटत नाही. तिथे क्षेत्र पाच गुंठ्यांनी घटते एवढेच.

आणि आश्चर्य असे की कायद्याला हे ठाऊक आहे. महामार्ग कायद्याच्या कलम ३ ग मध्ये, जमिनीचा तुकडा तोडल्यामुळे उरलेल्या भागाची होणारी हानी, संपादनामुळे मालकाच्या इतर मालमत्तेला वा कमाईला बसणारा धक्का, राहते घर किंवा धंद्याची जागा बदलावी लागली तर तिचा वाजवी खर्च, हे सारे मोजून धरावे असे स्पष्ट म्हटले आहे. पण ते मागावे लागते, पुराव्यानिशी मागावे लागते, आणि वेळेत मागावे लागते. अधिसूचना राजपत्रात निघते, तिचा गोषवारा दोन वृत्तपत्रांत येतो आणि हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. नंतर मोजणी, त्यानंतर संपादनाची घोषणा, जी निघताक्षणी जमीन सर्व बोज्यांतून मोकळी होऊन केंद्र सरकारची होते, मोबदला त्या वेळी ठरलेलाही नसतो, मग दावे मागवणारी दुसरी जाहीर नोटीस, आणि शेवटी सक्षम प्राधिकाऱ्याचा, म्हणजे बहुधा ज्यांना लोक अजूनही प्रांतसाहेब म्हणतात त्यांचा, निवाडा. रक्कम जमा झाल्यावर कब्जा देण्यास ६० दिवस. मोजणीच्या दिवशी जो हजर राहून हापूसची कलमे किती, त्यांतली धरती किती, विहिरीला पाणी किती आणि पडवीत दुकानाचा परवाना कोणत्या सालापासून, हे अहवालात नोंदवून घेतो, त्याचे निम्मे काम झालेले असते. पुष्कळ खातेदार त्या दिवशी मोजणीदाराला चहा पाजतात आणि सही करतात.

आता पैसे कोणाचे, हा प्रश्न. घाटावर तो भावाभावांपुरता असतो. कोकणात एका सातबाऱ्यावर पणजोबाच्या नावाखाली वीस-पंचवीस सहहिस्सेदार आढळणे नवल नव्हे. त्यातले निम्मे मुंबईत, काहींचा ठावठिकाणा नाही, काहींची वारसनोंदच झालेली नाही, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव. खोती १९४९ च्या कायद्याने गेली म्हणावे, तर चिपळूणजवळच्या परशुराम घाटात चौपदरीकरणाचे काम देवस्थान, खोत आणि कुळे यांच्यातील मोबदल्याच्या वादापायी दीर्घकाळ अडून राहिले. अशा वादात रक्कम वाटण्याचा निर्णय प्राधिकाऱ्याने करायचा नसतो. ती दिवाणी न्यायालयाकडे जाते आणि तिथे वारसांची वंशावळ सिद्ध होईपर्यंत पडून राहते.

निवाड्यातली रक्कमच मान्य नसेल तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाता येते, आणि हा लवाद बहुधा जिल्हाधिकारी किंवा त्यांच्याच पंक्तीतला महसूल अधिकारी असतो. १८९४ च्या कायद्यात मालक जिल्हा न्यायालयात जाऊन रक्कम वाढवून मागू शके. महामार्गाखाली जमीन गेलेल्या मालकाला ते दार अरुंद आहे: न्यायालय लवादाचा निवाडा रद्द करू शकते, दुरुस्त करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हकीम यांच्या प्रकरणात सांगितले होते, २०२५ मध्ये घटनापीठाने मर्यादित फेरबदलाची मुभा दिली, तीही काही विवक्षित बाबींपुरतीच. पाच गुंठ्यांच्या धन्याने प्रांत, लवाद, जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय एवढ्या पायऱ्या चढाव्यात ही अपेक्षा, त्याच्या वकिलाखेरीज कोणालाही फार वाजवी वाटू नये.

सडक मात्र कोणासाठी थांबत नाही. रक्कम न्यायालयात भरली की कब्जा घेता येतो. भाद्रपदात गणपतीला निघालेला एखादा चाकरमानी रात्रीच्या गाडीत खिडकीशी बसून, आपल्या गावची पाटी दिसते का म्हणून बाहेर पाहत असतो. पाटी आता उड्डाणपुलाखाली गेलेली असते, आणि ज्या वळणावर आजोबांचा माड होता तिथून गाडी जात असते ती त्याच्याही हिश्शाच्या जमिनीवरून, जिचे पैसे न्यायालयात जमा आहेत आणि जिच्या कागदावर त्याच्या बापाची वारसनोंद अद्याप व्हायची आहे.