पाळकसाहेबांचा सलाम

मी शाळेत होतो तेव्हाची, म्हणजे १९८३-८४ची गोष्ट. राहुरीकडच्या आमच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र पाळकसाहेबांचा मुलगा होता. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. इंग्रजीत त्यांना पास्टर म्हणतात, पण आमच्याकडच्या ख्रिस्ती वस्तीत तो शब्द कोणी वापरत नसे. मेंढरे राखतो तो पाळक, आणि त्याने सांभाळायची माणसे ती मंडळी. शब्द बघा कसे घरचे आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा दारात उभ्या असलेल्या साहेबांनी हात कपाळाशी नेला आणि म्हणाले, "सलाम. ये." मी गोंधळलो. मला वाटले, मी मुसलमानाचा मुलगा म्हणून हे माझ्याशी असे बोलताहेत. चार दिवसांनी कळले की ते सगळ्यांशीच असे बोलतात. नगर जिल्ह्यातले जुने ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटले की सलामच म्हणत, आणि मराठी बायबलातल्या पत्रांमध्येही सलाम सांगितलेले आहेत. आमच्या घरातला शब्द त्यांच्याकडे कधीचा राहायला गेला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

एका रविवारी मित्राबरोबर उपासनेला गेलो. पुढे काही बाके, मागे सतरंजी. पेटी, तबला आणि चक्क टाळ. गाणे सुरू झाले आणि मी मित्राला कोपर मारले. "हे विठोबाच्या देवळातलं आहे ना?" चाल तीच होती, पहाटे काकड्याला ऐकू यायची ती. तो म्हणाला, "नाही, टिळकांचं आहे." मी म्हणालो, "लोकमान्यांचं?" त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "अरे, आपल्या पुस्तकातले. रे. टिळक." आता आमच्या वर्गात या 'रे.' विषयी बरेच वाद होते. एकाचे म्हणणे, ते रेवणनाथ असावे. रेव्हरंड हा शब्द मला त्या रविवारी समजला. ज्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता महाराष्ट्रातली मुले पिढ्यान्‌पिढ्या पाठ करत आली, ते नारायण वामन टिळक ख्रिस्ती होते, पाळक होते, आणि आमच्या राहुरीत राहून गेले होते.

आज मला या पाळकाविषयीच बोलायचे आहे. धर्म बदलला तर माणसाची भाषा, गाणे, बसणे-उठणे हेही बदलायला हवे का, हा प्रश्न त्यांनी जितक्या जिद्दीने विचारला तितका मराठीत फार थोड्यांनी विचारला असेल. आणि माझा त्या प्रश्नाशी काय संबंध, तेही पुढे सांगतो.

टिळकांचा जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर, संस्कृतचा व्यासंग, पायाला भिंगरी. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. वाचन, वाद, पत्रव्यवहार, मनाची ओढाताण, असे करत १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो मिशनरी साहेबाच्या हातून नको, इथल्याच माणसाच्या हातून हवा, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे तो एका मराठी पाळकांनी दिला. योगायोग बघा, त्या पाळकांचे नाव तुकाराम होते. तुकाराम नथोजी. पुढे टिळक सांगत की आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते संत तुकारामांच्या सेतूवरून. पूल ओलांडल्यावर तो जाळून टाकावा, असे त्यांना कधी वाटले नाही.

घराचे जे व्हायचे ते झालेच. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परत आल्या तरी त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक निराळा. नवऱ्याने त्यासाठी जबरदस्ती केली नाही. ते सोवळे त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हे सगळे 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनीच लिहिले आहे, आणि तेही असे की वाचणारा हसता हसता गप्प होतो. ज्यांनी ते पुस्तक वाचले नसेल त्यांचा मला थोडा हेवा वाटतो. त्यांना ते अजून पहिल्यांदा वाचायचे आहे.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरमध्ये, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरमध्ये, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. शाळा होत्या, दवाखाने होते. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना जगवण्याचे मोठे काम तिथे झाले, आणि टिळक दांपत्यही त्यात होते. पण उपासनेत काय चाले? बरीचशी गाणी इंग्रजीवरून उतरवलेली. शब्द मराठी, पण वळण आणि चाल परक्याची. मराठी शब्दाचा आघात एकीकडे आणि सुराचा दुसरीकडे. कवीला हे टोचणारच. अशी गाणी तोंडाने म्हणता येतात, भाकरी थापताना आपोआप ओठांवर येत नाहीत. टिळकांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, भजने लिहिली. संख्या शेकड्यांनी मोजावी लागेल. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची पुष्कळ गीते आहेत आणि मराठी चर्चमध्ये ती आजही म्हटली जातात. कीर्तनाचा प्रयोग नगरच्या ख्रिस्ती मंडळींत त्यांच्या आधीच सुरू झाला होता. टिळकांनी त्याला कवीचा गळा दिला.

पण त्यांचे म्हणणे केवळ चालीपुरते नव्हते, आणि इथे थोडे थांबायला हवे. अभंग ही नुसती वृत्ताची मोजणी नाही. अभंगात देवाशी बोलण्याची एक रीत आहे. तिथे देव न्यायाधीश नसतो, माउली असतो. त्याच्याशी भांडता येते, रुसता येते, 'तू माझे काय केलेस' असे विचारता येते. टिळकांनी ख्रिस्ताला माउली केले, गुरू केले. अभंग आला की ही जवळीक आपोआप आत येते आणि चर्चमधल्या देवाचा चेहरा बदलतो. हे सगळ्यांनाच आवडेल असे नव्हते. त्यांनी 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग १९१२ पासून अखेरपर्यंत सांभाळला. तिथे ते मंडळीला सांगत राहिले की पगार देणारा मिशनरी आणि पगार घेणारा पाळक या नात्याने चर्च या मातीत रुजणार नाही. मिशनऱ्याने मालक होऊ नये, सेवक व्हावे. हे ते स्वतः मिशनचा पगार घेत असतानाच बोलत होते, याची बोचणी त्यांना असणारच. १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील! चर्चच्या चौकटीत हे बसणे अवघड होते. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला, आणि अस्थी नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आणल्या. मरतानाही त्यांनी दोन्ही रीती एकमेकींना भेटवल्या.

इथवर मी टिळकांचा भक्त म्हणून बोललो. कॉलेजात बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा मी हे सगळे असेच, भारावून, मित्राच्या वडिलांना सांगायला गेलो होतो. पाळकसाहेब तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "टिळक थोर, त्यांची गाणी मी आयुष्यभर म्हटली. पण एक सांगू का? टिळकांना मागचं दार उघडं ठेवायचं होतं. माझ्या आज्याला ते बंद करायचं होतं."

मला लगेच कळले नाही. त्यांनी समजावून सांगितले. नगर जिल्ह्यात ज्यांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला ते गावकुसाबाहेरचे लोक. त्यांच्या आज्याने टाळ ऐकले होते ते देवळाच्या पायरीखाली उभे राहून. चोखोबालाही मंदिरात घेतले नव्हते. टिळकांना जी आपली संस्कृती वाटे, तिच्यात या आज्याची जागा कुठली ते ठरलेले होते. इंग्रजी चालीचे गाणे त्याला परके होते, हे खरे. पण त्या सुराला अपमानाची आठवण चिकटलेली नव्हती. सगळ्यांबरोबर बाकावर बसून ते म्हणता येत होते. "म्हणून आमच्या मंडळीत जुनी माणसं बाकासाठी भांडायची," पाळकसाहेब हसत म्हणाले. "तुला सतरंजी छान वाटते, कारण तुला कोणी खाली बसवलेलं नाही."

मी कवी आहे, मला चालीचे फार कौतुक. त्या दिवसापासून मात्र कोणी 'आपली संस्कृती' म्हणाले की मनात येते, हा शब्द बोलणारा पायरीच्या कुठल्या बाजूला उभा होता? तरीही मी विचारले, "मग तुम्ही टाळ का ठेवलेत?" ते म्हणाले, "टाळ काय त्यांच्या बापाचे आहेत?" पाळकाच्या तोंडी शोभणारे वाक्य नव्हते. पण उत्तर होते. ते टिळकांनाही आवडले असते असे मला वाटते.

आता माझे. कुठल्याही कविसंमेलनात माझी ओळख करून देणारा मनुष्य प्रेमानेच म्हणतो, "मुस्लिम असूनही किती सुंदर मराठी लिहितात." आमच्याच जिल्ह्यात, श्रीगोंद्याला, सतराव्या शतकात शेख महंमद होऊन गेले. त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, ओवीत लिहिला. हिंदू-मुसलमान दोघेही त्यांच्या समाधीपुढे वाकतात. तरी ते 'असूनही' काही जात नाही. मी आता ते दुरुस्त करायचे सोडून दिले आहे. ते माझ्या पाठीला चिकटलेले एक पान आहे. स्वतःला दिसत नाही, मागच्याला दिसते.

आणि दुसऱ्या बाजूलाही तेच. माझी अम्मी वारली तेव्हा तिच्या चाळिसाव्यासाठी मी काही ओव्या लिहिल्या. अल्लाकडे तिच्यासाठी मागणे मागितले होते, बाकी काही नव्हते. अम्मी जात्यावर ओव्या म्हणत वाढलेली बाई. नमाज अरबीत, आमच्याशी बोलणे दखनीत, आणि जात्यापाशी मराठी. तिच्यात कधी भांडण झालेले मी पाहिले नाही. मी कागद काढला तेव्हा आमच्यातले एक बुजुर्ग हळूच म्हणाले, "बेटा, ये यहाँ मत पढ़ो. ये अपनी जबान नहीं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी कागद खिशात ठेवला. त्या रात्री मला त्या बुजुर्गांचा राग आला, आणि स्वतःचा जास्त. टिळकांनी नोकरी सोडली. मला एक कागद खिशातून बाहेर काढवला नाही.

पुढे पाळकसाहेबांकडे गेलो तेव्हा तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी चश्मा लावून दोनदा वाचला. मग विचारले, "हे तू देवासाठी लिहिलंस की लोकांना दाखवायला, की बघा, आम्हीही मराठी?" मला उत्तर देता आले नाही. अजूनही पुरते येत नाही. त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "जात्याची ओवी चांगली आहे. बाकीच्या दोन काढून टाक. त्यात तू दिसतोस, तुझी आई दिसत नाही."

मी त्या दोन काढल्या. अम्मीच्या बरसीला, माणसे निघून गेल्यावर, स्वयंपाकघरात उरलेली वाचली. भांडी घासत असलेली खाला थांबली. म्हणाली, "यह तो उसकीच है. पर आखरी में तू गलत बोला. वह ऐसे नहीं गाती थी." आणि हात न पुसता तिने मला ती बरोबर कशी म्हणायची ते दाखवले.