हुरडा, वही आणि आम्ही बारा जणी

मैत्रिणींनो, वाण्याची यादी कोण लिहितं घरात? दुधाचा हिशेब, मुलांच्या शाळेतल्या चिठ्ठ्या, सासरच्या-माहेरच्या लग्नांतला आहेर कुणी किती दिला याची वही? तुम्हीच ना! मग ‘मला बाई लिहायला येत नाही’ असं आपण इतक्या खात्रीनं का सांगतो?

हाच प्रश्न घेऊन गेल्या पौषात मी मंगळवेढ्याजवळच्या एका शेतावर दोन दिवसांचं लेखन शिबिर घेतलं. आमच्या महिला मंडळातल्या अकरा जणी आणि बारावी मी. एका मैत्रिणीच्या दिरांचं शेत. काळी जमीन, चहूकडे मालदांडीची डोक्याएवढी ज्वारी, मध्ये दोन खोल्या आणि एक लिंबाचं झाड.

तुम्ही म्हणाल, लिहायला शेत कशाला हवं? मंडळाचा हॉल नव्हता का? होता की. पण हॉलमध्ये काय होतं ते तुम्हांला ठाऊक आहे. दर अर्ध्या तासानं एकजण उठते. नळाला पाणी आलं असेल, गॅसवाला येऊन गेला असेल, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ झाली असेल. शेतावरून घरी ‘जरा जाऊन येते’ म्हणता येत नाही, हाच शेताचा मोठा गुण!

तरी पहिल्या सकाळी गंमत झालीच. शेतावरच्या बायकांना रीतसर मजुरी देऊन स्वयंपाक सांगितला होता. पण दहा मिनिटांत आमच्यातल्या सहा जणी चुलीपाशी. कुणी पीठ मळायला, कुणी कांदा चिरायला. ‘बसून कसं खायचं हो?’ शेवटी मला दारात उभं राहून त्यांना परत पाठवावं लागलं.

माझी चूक

आता माझी फजिती सांगते. मी मोठ्या उत्साहानं विषय दिला : ‘स्त्रीचे जीवन.’ अर्ध्या तासानं वाचन झालं, तर अकराही वह्यांत एकच निबंध! स्त्री ही त्यागाची मूर्ती, स्त्री ही दोन्ही घरांना जोडणारा दुवा. अक्षर वेगळं, बाकी सगळं तेच. कुणाच्याही घराचा वास त्यात नव्हता. ऐकणाऱ्या जांभया देत होत्या आणि वाचणाऱ्याही.

दोष त्यांचा नव्हता. विषयच असा दिला होता की उत्तर शाळेच्या पुस्तकातूनच यावं.

दुपारी आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, पाखडायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. कणसं चोळायला शेतावरच्या एक मावशी बसल्या होत्या. साठी उलटलेली, हात असे की निखाऱ्याजवळही न भाजणारे. बोलता बोलता १९७२च्या दुष्काळाचा विषय निघाला. तेव्हा त्या दहाएक वर्षांच्या होत्या आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथं सुकडी मिळायची. ती त्या घरी धाकट्या भावासाठी न्यायच्या.

आमच्यातल्या एकीला मी म्हटलं, मावशी सांगतात ते उतरवून घ्या. त्यांनी घेतलं आणि मावशींना वाचून दाखवलं : ‘दुष्काळात आम्ही फार हाल सोसले.’

मावशी कणीस खाली ठेवून म्हणाल्या, “आवं बाई, हाल न्हाई म्हनलं म्या. सुकडी म्हनलं.”

सगळ्या गप्प झाल्या. मग मावशींनी पुन्हा सांगितलं. सुकडी मुठीत धरून चालायची. ऊन असं की मूठ घामानं ओली व्हायची, सुकडी हाताला चिकटायची. एक दिवस त्यांनी वाटेतच हात चाटून सगळी संपवली. घरी भाऊ दारात उभा होता. त्यानं मूठ उघडून बघितली.

एवढंच. पुढं त्यांनी काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मैत्रिणींनो, त्या दिवशीच्या वर्गाच्या खऱ्या शिक्षिका त्या मावशी. ‘हाल’ हा शब्द सगळ्यांचा असतो, ओली मूठ एकटीची असते. आणि अक्षरओळख नसली म्हणून सांगणं अडत नाही, हे आपल्याला बहिणाबाई चौधरींनी कधीच दाखवून दिलं आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचत आणि घरच्यांनी ती उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. कुणी उतरवून घेतलं नसतं तर?

संध्याकाळी मी विषय बदलला. ‘तुमच्या आईचे हात कोणतं काम करताना आठवतात, तेवढंच लिहा. आई प्रेमळ होती, कष्टाळू होती, असं एकदाही लिहायचं नाही.’ पंधरा मिनिटं दिली. या वेळी अकरा वह्यांत अकरा आया होत्या. एकीची आई परकराच्या नाडीला किल्ली बांधत होती, एकीची कंदिलाची काच राखेनं पुसत होती, आणि एकीची आई रात्री सगळे निजल्यावर डब्यातले रुपये परत परत मोजत होती.

फाडलेलं पान

पण एकीनं वाचलं नाही. बराच वेळ भराभरा लिहीत होत्या, मग पान टरकन फाडलं आणि आगटीत टाकलं. मी विचारलं नाही. रात्री अंथरुणावर त्या आपणहूनच म्हणाल्या, “आईनं दिलेल्या पाटल्यांचं लिहिलं होतं. घरात विकल्या, मला विचारलं नाही. बावीस वर्षं झाली. ताई, हे घरी कुणी वाचलं तर?”

आणि मग अंधारात एकेकीनं सांगायला सुरुवात केली. एकीची वही तांदळाच्या डब्याखाली असते. एकीची शिवणयंत्राच्या खणात. एक जण पाककृतींच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिते, कारण ती वही घरात कुणी उघडत नाही. म्हणजे लिहीत सगळ्याच होत्या! ‘येत नाही’ म्हणत होत्या, कारण ‘लपवून लिहिते’ म्हणणं अवघड.

हे आजचं नाही. बंगालमधल्या राससुंदरी देवी स्वयंपाकघरात पोथीचं पान लपवून वाचायला शिकल्या. त्यांचं ‘आमार जीबन’ १८७६ साली प्रसिद्ध झालं. आपल्या फलटणच्या बेबी कांबळे दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहीत आणि घरच्यांना दिसू नये म्हणून कागद वर्षानुवर्षे लपवून ठेवत. तेच ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपानं आलं.

मी त्या बाईंना ‘घाबरू नका, बेलाशक दाखवा’ असं म्हटलं नाही. मी दोन दिवसांनी माझ्या घरी जाणार, त्यांना त्यांच्या घरात राहायचं आहे. कुणाला काय दाखवायचं, कधी दाखवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण लिहिण्याचा आणि दाखवण्याचा निर्णय एकच नाही. आपण ते दोन एकत्र बांधतो आणि मग दोन्ही सोडून देतो.

सकाळी ज्वारीच्या पानांवर दव होतं. लिंबाखाली त्यांनी पाटल्यांचं पुन्हा लिहून काढलं, या वेळी एकच पान. वाचलं नाही. वही मिटली आणि शेजारच्या मैत्रिणीच्या हातात दिली : “तुझ्याकडं ठेव. मी तुझ्याकडं येऊन लिहीन.” मैत्रिणीनं ती न उघडता आपल्या पिशवीत ठेवली.

तुम्हांला घ्यायचं असेल तर

तुमच्या मंडळानं असं शिबिर घ्यायचं ठरवलं, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

१. दहा-बारा जणी पुरेत. जास्त झाल्या की बोलक्या बोलतात आणि अबोल तशाच राहतात.

२. स्वयंपाक दुसऱ्याकडे द्या. पैसे मोजा, पण चुलीला हात लावू देऊ नका. मोबाईल एका टोपलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ घरी एकेक फोन पुरतो.

३. मोठा विषय देऊ नका. हात, कुलूप, पहिली साडी, बंद झालेलं दुकान असं काहीतरी द्या. घड्याळ लावून पंधरा मिनिटं लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही.

४. वाचून दाखवणं ऐच्छिक. कुणी वाचलंच तर ‘छान’ म्हणायचं नाही आणि सल्लाही द्यायचा नाही. कोणती ओळ लक्षात राहिली, तेवढंच सांगायचं. ‘अगं, मग तू नवऱ्याला बोलली का नाहीस?’ असं कुणी सुरू केलं, की लेखन संपलं आणि पंचायत सुरू झाली म्हणून समजा!

५. इथलं इथंच. घरी जाऊन सांगायचं नाही, कुणाच्या वहीचा फोटो काढायचा नाही.

६. निघण्यापूर्वी पुढच्या भेटीचा वार ठरवा. आम्ही महिन्याचा पहिला शनिवार ठरवला आहे, दुपारी तीन ते पाच.

आणि शेत नसलं, मंडळ नसलं तरी अडत नाही. एक वही आणि ती न उघडता सांभाळणारी एक मैत्रीण एवढं हवं. बघा बरं, तुमच्या गल्लीत अशी कोण आहे? तिला विचाराल तेव्हा कदाचित तीच म्हणेल, “अगं बाई, माझी वही तू ठेवशील का?”