किटच्या गोष्टी – ७ : शत्रूला जहाज मिळालं तेव्हा

गेल्या रविवारी आपण 'स्टार ट्रेक' मालिकेतली एंटरप्राइज ही अंतराळनौका जोडून स्टँडवर ठेवली. आता तिच्यासमोर कोणीतरी उभं राहायला हवं. माझ्या टेबलावर तिच्या शत्रूंची, क्लिंगॉनांची, युद्धनौका अर्धवट जोडलेली पडली आहे. मागे पंखांचं रुंद, चपटं धड, पुढे गोलसर डोकं आणि दोन्हींच्या मधे लांब, बारीक मान. या जहाजाची सगळी दहशत त्या मानेत आहे. पहिल्यांदा हे किट जोडलं तेव्हा मानेच्या शिवणीत मी ट्यूबमधलं घट्ट सिमेंट भरभरून घातलं होतं. रात्रीतून प्लास्टिक मऊ पडलं आणि सकाळी पाहिलं तर मान जेमतेम दोन-तीन मिलिमीटर एका बाजूला कलली होती. तेवढ्यानं जहाज आजारी दिसू लागलं. पंख तेच, डोकं तेच, पण धाक उरला नव्हता. शत्रूचं जहाज किती तोलून आखलेलं असतं हे मला त्या कललेल्या मानेनं शिकवलं, आणि म्हणून आजचा भाग या आकारावर.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं, ते पाहिलेले वाचक बरेच असतील. अनेक घरांत टीव्ही कृष्णधवल होता. कोणाचा गणवेश कोणत्या रंगाचा हे कळायची सोय नव्हती, इंग्रजी संवाद निम्मेअधिक डोक्यावरून जायचे. तरीही पडद्यावर एखादं जहाज आलं की ते आपलं की परकं हे लहान मूलसुद्धा सांगायचं. ते सांगणं नुसत्या बाह्यरेषेवरून व्हायचं.

पण खुद्द क्लिंगॉनांना बराच काळ धड जहाजच नव्हतं. मालिका अमेरिकेत एनबीसीवर 1966 साली सुरू झाली, क्लिंगॉन मार्च 1967 मध्ये आले, आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांची जहाजं म्हणजे अंधारात दूरवर दिसणारे उजेडाचे ठिपके. कारण साधं होतं, पैसे नव्हते. छायाचित्रणासाठी मॉडेल बनवायचं म्हणजे कारागीर, आठवडे आणि खर्च. शिवाय ते प्रत्येक कोनातून वेगळं चित्रित करायला हवं. एकट्या एंटरप्राइजवरच बराच खर्च झाला होता. तिचं मोठं मॉडेल अकरा फुटांहून थोडं लांब होतं.

शत्रूला जहाज मिळालं ते एका किट कंपनीमुळे. मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावची एएमटी ही कंपनी मुळात मोटारींच्या विक्रेत्यांसाठी छोट्या गाड्या बनवायची. 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज' हे तिचं मूळ नाव. मालिकेशी तिचा व्यवहार रोख पैशांपेक्षा देवाणघेवाणीचा जास्त होता. कंपनीनं 'गॅलिलिओ' या छोट्या यानाचा माणसं उभी राहतील एवढा मोठा सेट बांधून दिला आणि मोबदल्यात किट काढायचे हक्क घेतले. एंटरप्राइजचं किट धडाक्यात खपलं, तेव्हा कंपनीला दुसरं जहाज हवंसं झालं. मालिकेला शत्रूचं जहाज हवं होतं, कंपनीला नवं खोकं. दोघांची गरज एकाच ठिकाणी येऊन मिळाली.

आरेखन केलं मॅट जेफ्रीज यांनी, एंटरप्राइजच्याच जनकानं. हा माणूस स्वतः वैमानिक, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर काम केलेला. शत्रूचं जहाज पाहताक्षणी शत्रूचं वाटलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि मांटा रे हा मासा निवडला, आपल्या कोकणातल्या पाकटाचा थोराड भाऊबंद. कोळीवाड्यात जाळ्यातून पाकट बाहेर काढताना ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. अंग पसरट, कडा पातळ, हालचाल सावकाश, आणि तरीही हात लावायची छाती होत नाही. जहाजाचा वरून हिरवट करडा आणि खालून फिका हा रंगसुद्धा माशावरूनच घेतलेला. पाण्यात वरून पाहिलं तर मासा तळाच्या काळोखात मिसळतो, खालून पाहिलं तर उजेडात.

आता एंटरप्राइज शेजारी ठेवून पाहा. तिचे भाग गोल आहेत: तबकडी, नळकांडी, उघडी बाजू समोर. क्लिंगॉन नौका पुढे निमुळती, मागे रुंद होत गेलेली, झेप घेण्याआधी मान ताणलेल्या प्राण्यासारखी. इंजिनंही एंटरप्राइजसारखी वर उंच धरलेली नाहीत, पंखांच्या कडांना खाली चिकटवलेली आहेत. दोन्ही जहाजांचे सुटे भाग मोजले तर जवळपास तेच निघतात: एक डोकं, एक धड, दोन इंजिनं. मांडणी बदलली आणि स्वभाव बदलला. एकाच माणसानं तीच बाराखडी घेऊन दोन अगदी उलट शब्द लिहावेत, तसं हे काम मला वाटतं, आणि जेफ्रीज यांच्याबद्दल माझा आदर एंटरप्राइजपेक्षाही या नौकेमुळे जास्त आहे.

कंपनीनं या जहाजाची दोन मोठी मॉडेलं बनवली, प्रत्येकी सुमारे अडीच फूट लांबीची. एक चित्रीकरणासाठी गेलं. दुसऱ्यावरून किटचा साचा निघाला. म्हणजे पडद्यावरचं जहाज आणि खोक्यातलं जहाज सख्खी भावंडं आहेत. एरवी आधी मालिका, मग तिची नक्कल असा क्रम असतो. इथे दोन्ही एकाच वेळी जन्मली, आणि खर्च उचलला तो खोक्यानं.

मोठ्या मॉडेलवरून छोटा साचा कसा निघतो, ते थोडं सांगायला हवं. भोसरी-चाकणच्या मोल्डिंग शेडमध्ये काम केलेल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल; तिथे साच्याला 'डाय' म्हणतात आणि प्लास्टिकला 'दाणा'. त्या काळी संगणकावर आरेखन नव्हतं, होता पॅन्टोग्राफ. एका हाताला बोथट सुई, दुसऱ्या हाताला फिरतं कटर, मधे सांध्यांच्या दांड्या. कारागीर सुई मोठ्या नमुन्यावरून फिरवतो आणि कटर तोच आकार ठरलेल्या प्रमाणात लहान करून पोलादात कोरतं. हात थरथरला तर पोलादात उमटतं, पण लहान होऊन उमटतं. म्हणूनच नमुना मोठा घेतात. मोठ्यातली चूक लहानात विरते. मग डायचे दोन अर्धे यंत्रात बसतात, पॉलिस्टायरीनचा वितळलेला दाणा दाबानं आत जातो, थंड होतो, डाय उघडते आणि फ्रेमला लटकलेले भाग बाहेर पडतात.

डायला एक अट असते. भाग सरळ बाहेर निघाला पाहिजे, आत कुठे अडकता कामा नये. शेडमधल्या भाषेत अंडरकट चालत नाही. पाकटासारखा चपटा आकार या अटीला फार सोयीचा आहे. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा घेतला की धड तयार. हा सोयीचा विचार आरेखनाच्या वेळी कोणाच्या मनात किती होता हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हातात किट घेतलं की त्या चपटेपणाचे उपकार जाणवतात.

किट 1968 मध्ये बाजारात आलं. मालिकेत मात्र गंमत झाली. ही नौका ज्या भागासाठी चित्रित झाली होती तो 'इलान ऑफ ट्रॉयस' 20 डिसेंबर 1968 ला दाखवला गेला. त्याआधीच, 27 सप्टेंबरला, 'द एंटरप्राइज इन्सिडेंट' या भागात ती दिसली आणि तीही रोम्युलन या मालिकेतल्या दुसऱ्या शत्रूच्या ताब्यात. कथेत एका संवादात खुलासा केला की रोम्युलन आता क्लिंगॉन बनावटीची जहाजं वापरतात. त्यामुळे क्लिंगॉनांची नौका प्रेक्षकांनी पहिल्यांदा पाहिली ती दुसऱ्याच शत्रूच्या हाती. रोम्युलनांचं स्वतःचं जहाज, पोटावर पंख पसरलेला पक्षी रंगवलेलं, डिसेंबर 1966 मध्ये येऊन गेलं होतं. ते वा चँग या शिल्पकारानं घडवलं होतं. त्याचं किट सत्तरच्या दशकात निघालं आणि त्या पक्ष्याचं चित्र नीट बसवणं हा त्या किटमधला सगळ्यात आनंदाचा भाग आहे.

खोकं आणि पडदा यांची ये-जा उलट दिशेनंही झाली. 1967 च्या 'द डूम्सडे मशीन' या भागात कॉन्स्टेलेशन नावाचं उद्ध्वस्त जहाज दिसतं. ते म्हणजे एंटरप्राइजचं दुकानात मिळणारं किट, जाळून, वितळवून विद्रूप केलेलं. अंगावरचा 1017 हा क्रमांक किटमधल्या 1701 चेच आकडे इकडचे तिकडे करून चिकटवला होता. पुन्हा तो भाग पाहायला मिळाला तर त्या क्रमांकाकडे नक्की पाहा.

खोक्यावर छापलेल्या प्रमाणाबद्दल दोन वाचकांनी विचारलं होतं. विमानाच्या किटवर 1:72 लिहिलं असेल तर खरं विमान बहात्तर पट मोठं, इतकं ते सरळ असतं. एंटरप्राइजच्या खोक्यावर 1:650 लिहिलेलं असतं. तिची काल्पनिक लांबी 947 फूट. 650 ने भागली की जवळपास दीड फूट, म्हणजे किटची लांबी. हिशेब जुळतो, पण 947 फुटांचं जहाज कुठेच नाही. जे आहे ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातलं लाकूड-प्लास्टिकचं मॉडेल. म्हणून अशा किटसाठी मोजपट्टीपेक्षा पडद्यावरची चित्रं जास्त कामाची.

शत्रूचं जहाज खोक्यातून घरी आलं ते फक्त 'स्टार ट्रेक'मुळे नाही. 'द इन्व्हेडर्स' ही मालिका आपल्याकडे फारशी माहीत नाही. ती 1967 मध्ये एबीसीवर सुरू झाली. परग्रहवासी माणसांचं रूप घेऊन माणसांत वावरतात आणि डेव्हिड व्हिन्सेंट या वास्तुविशारदाशिवाय कोणाला ते पटत नाही. अनेकांची करंगळी ताठ राहते, ही त्यांची एक खूण. म्हणजे शत्रूला चेहराच नाही; तो शेजारी असेल, पोलीस असेल. परकं असं उघड दिसणारं एकच, रात्री उतरणारी ती तबकडी. अरोरा कंपनीनं 1968 मध्ये तिचं किट काढलं, तेव्हा त्या खलनायकाची एकमेव खरी ओळख मुलांच्या हाती आली.

दहा वर्षांनी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेत सायलॉन हे शत्रू आले आणि मोनोग्राम कंपनीनं त्यांच्या रेडर या लढाऊ यानाचं किट काढलं. आकार चंद्रकोरीसारखा चपटा, दोन टोकं पुढे आलेली, पुन्हा तीच पाण्यातल्या प्राण्याची धाटणी. पण पृष्ठभाग वेगळा. तोवर स्टुडिओतल्या कारागिरांनी नवी रीत रुजवली होती. रणगाड्यांची, जहाजांची किटं विकत घ्यायची आणि त्यांतले बारीक भाग नव्या यानाच्या अंगावर चिकटवायचे. नळ्या, झडपा, जाळ्या दिसल्या की डोळ्याला यंत्र प्रचंड वाटतं. त्या मालिकेची मॉडेलंही अशीच घडली. मग मोनोग्रामच्या कारागिरांना त्या पृष्ठभागाची छोटी प्रत पोलादात कोरावी लागली. किटच्या तुकड्यांतून जहाज, जहाजातून पुन्हा किट! रेडरवर काळा पातळ रंग फिरवून पुसून घेतला की खाचांत तो राहतो आणि सगळं बारीक काम वर येतं. घाई करू नका, या कामाला एक पूर्ण संध्याकाळ द्या.

आता पुन्हा क्लिंगॉन नौकेकडे. या वेळी मी पातळ सिमेंट वापरलंय, शिवणीवर ब्रशचं टोक नुसतं टेकवून. फटीतून ते आपोआप आत ओढलं जातं. मानेला दोन्ही बाजूंनी बर्फाच्या कांडीच्या काड्या लावून वर कागदी टेप गुंडाळली आहे आणि डोक्याखाली काड्यापेटी टेकवली आहे. दोन दिवस हात लावायचा नाही. टेप काढली की शिवण आधी 400 आणि मग 800 नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घासायची. पुढच्या रविवारी तो हिरवट करडा रंग कसा मिसळायचा ते पाहू.