बेथनल ग्रीनचे सभासद

दादाभाई नवरोजींच्या चरित्रांत ज्यांचा उल्लेख एखाद्या ओळीपुरता होतो आणि तोही बहुधा नापसंतीच्या स्वरात, त्या सर मंचेरजी भावनगरींविषयी मला फार वर्षांपासून कुतूहल वाटत आले आहे. पारतंत्र्याच्या काळात ब्रिटिश कॉमन्स सभेत सर्वांत दीर्घकाळ बसलेले हिंदी गृहस्थ दादाभाई नव्हेत आणि साम्यवादी सकलातवालाही नव्हेत. तो मान १८५१ साली मुंबईत जन्मलेल्या या हुजूरपक्षीय पारशाकडे जातो. वडिलांच्या पश्चात सांभाळलेली भावनगर संस्थानाची मुंबईतील मुखत्यारी आणि १८८५ साली लंडनमध्ये मिळविलेली बॅरिस्टरी हा त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. खरी कथा सुरू होते ती १८९५ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून.

त्या निवडणुकीत दादाभाईंची सेंट्रल फिन्सबरीची जागा गेली आणि भावनगरी बेथनल ग्रीन ईशान्य मतदारसंघातून अवघ्या १६० मतांनी निवडून आले. कोणताही इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देणार नाही, अशा आशयाचे उद्गार ज्या पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरींनी १८८८ साली दादाभाईंना उद्देशून काढले होते, त्यांच्याच पक्षाचे भावनगरी हे उमेदवार होते. पराभूत झाले ते जॉर्ज हॉवेल, मूळचे गवंडी आणि कामगार-संघटनेचे जुने, मानाचे पुढारी; एका परक्या काळ्या माणसाने आपल्याला घालवले, हा सल त्यांनी कडवटपणे बोलून दाखविला. इकडे काँग्रेसच्या गोटातही आनंद झाला नाहीच. उलट इंग्रजीत आडनावावर ‘बो-अँड-अ‍ॅग्री’ अशी कोटी करून भावनगरींना मान तुकविणारे ठरविण्यात आले.

बेथनल ग्रीन म्हणजे लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री, दाटीवाटीची वस्ती. रेशीम विणणाऱ्यांचा धंदा तेथे मरणपंथाला लागला होता, आणि घरच्या मागल्या खोलीत टेबले-कपाटे बनवून ती हातगाडीवरून कर्टन रोडच्या व्यापाऱ्यांकडे पडेल भावाने विकावयास नेणाऱ्या सुतार-कारागिरांचा संसार हातातोंडाशी चालला होता. अशा लोकांनी, दहा वर्षे आपलाच एक कामकरी निवडून दिल्यावर, सरदारांच्या पक्षाचा हिंदी बॅरिस्टर पत्करावा आणि १९०० साली त्यालाच ३७९ च्या मताधिक्याने पुन्हा पाठवावे, याचे सारे श्रेय बोअर युद्धाच्या लाटेला देणे मला न्याय्य वाटत नाही. त्या कामकऱ्यांनी हा माणूस पाच वर्षे पारखून घेतला होता, असेच मी म्हणेन.

परंतु भावनगरींची योग्यता ज्या कागदावरून कळते, तो बेथनल ग्रीनचा नाही. १९०३ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांची सविस्तर कैफियत वसाहत खात्याकडे गुदरली आणि पुढील वर्षी सरकारनेच ती पार्लमेंटपुढे ठेवलेल्या पत्रव्यवहारात छापली. मामला असा होता, की बोअर सरकारच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने हिंदी माणसाला ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर जमिनीची मालकी नाकारली होती आणि त्याच्यावर नोंदणीचा कर बसविला होता. या अन्यायाविरुद्ध ब्रिटिश सरकार बोअर अध्यक्ष क्रूगरशी भांडत होते. बोअर युद्धाला तोंड लागले तेव्हा युद्धमंत्री लॉर्ड लॅन्सडाउन यांनी शेफील्डच्या भाषणात हिंदी प्रजेच्या छळाचा विशेष संताप व्यक्त केला होता. आणि युद्ध जिंकल्यावर ट्रान्सवालचे गव्हर्नर लॉर्ड मिल्नर यांच्या राजवटीने एप्रिल १९०३ च्या जाहीरनाम्याने तोच कायदा बोअरांना कधी जमले नव्हते इतक्या काटेकोरपणे अमलात आणावयास घेतला. भावनगरींनी ही विसंगती एका निष्णात वकिलाप्रमाणे मांडली. त्या कैफियतीत आक्रोश नाही, साम्राज्याचा धिक्कार नाही. तुम्ही स्वतः दिलेले वचन तुम्हीच मोडीत आहात, एवढ्यावरच त्यांनी बोट ठेवले, आणि ते बोट आपल्याच पक्षाच्या मंत्र्यांकडे रोखलेले होते. पुढे मे १९०४ मध्ये हबीब मोटन यांच्या खटल्यात ट्रान्सवालच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्या कायद्याने हिंदी व्यापाऱ्याला वस्तीत कोंडता येत नाही, असा फैसला दिला.

त्यांच्या भूमिकेतील ताण मी झाकणार नाही. पूर्व युरोपातून येणाऱ्या निर्वासितांविरुद्ध लंडनच्या याच भागात असंतोष धुमसत होता आणि परदेशीयांना अटकाव करणारा १९०५ चा कायदा त्यांच्याच पक्षाने केला. हिंदी माणूस परका नसून बादशहाचा प्रजाजन आहे, या एका तत्त्वावर त्यांची सारी इमारत उभी होती. जो प्रजाजन नव्हता, त्याला त्या इमारतीत आसरा नव्हता. स्वराज्याच्या मागणीचे मर्मही त्यांना उमगले नाही. तरीही राजनिष्ठा म्हणजे लाचारी, हे समीकरण त्यांच्या बाबतीत टिकत नाही. उलट ज्याच्या निष्ठेविषयी शंका घेता येत नव्हती, त्याची तक्रार दप्तरात दडपून टाकणे मंत्र्यांना अवघड गेले.

१९०६ च्या उदारमतवादी लाटेत एडविन कॉर्नवॉल यांनी त्यांची जागा घेतली. पण त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ट्रान्सवालच्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन गांधीजींसह वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांच्यापुढे गेलेल्या शिष्टमंडळात भावनगरी होते, जुने प्रतिस्पर्धी दादाभाईही होते. आणि पाठोपाठ स्थापन झालेल्या दक्षिण आफ्रिका ब्रिटिश हिंदी समितीच्या कार्यकारिणीचे अध्यक्षपद त्यांनीच स्वीकारले. ज्यांच्या मतांवर ते निवडून आले, त्यांची सेवा करणे हे त्यांचे कर्तव्य होते. परंतु ज्यांना मतच नव्हते, त्यांची वकिली जागा गेल्यावरही त्यांनी सोडली नाही. लोकप्रतिनिधीची परीक्षा मी याच कसोटीवर करतो, आणि त्या कसोटीवर मंचेरजी भावनगरी दादाभाईंच्या शेजारी बसण्यास पात्र ठरतात.