पाल जेवेना, तेव्हा...

पाल दिसली की केरसुणी हातात घ्यायची, अशा घरात मी लहानाची मोठी झाले. अंगावर पाल पडली तर आधी डोक्यावरून आंघोळ, नि मग पंचांगात तिचं फळ पाहायचं! तीच मी आता इथे इंग्लंडात एका पालीला चिमट्याने अळ्या भरवते म्हटल्यावर आईचा विश्वासच बसेना.

आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी हट्ट धरला, नि ह्यांनी वाढदिवसाला लेपर्ड गेको आणली. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव ठेवलं बुंदी. ही जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान नि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. आपल्या घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, आणि तिला चक्क पापण्या असतात!

बुंदीचं जेवण म्हणजे जिवंत किडे : रातकिडे नि मीलवर्म नावाच्या अळ्या. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आदल्या दिवशी किड्यांना गाजर, पालेभाजी खाऊ घालायची, म्हणजे त्यातलं सत्त्व तिला मिळतं. देताना वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. पिल्लाला रोज, मोठीला आठवड्यातून दोन-तीनदा. वेळ मात्र संध्याकाळची, कारण दिवसा बाईसाहेब झोपलेल्या!

गेल्या नोव्हेंबरात बुंदीने जेवण सोडलं. नऊ दिवस अन्नाला शिवली नाही. मी चिमटा तोंडाशी नेला, की ती मान फिरवायची. एकेकाळी भाताचा घास घेऊन मुलामागे धावले होते, तशी आता पालीमागे! स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर बासष्ट ग्रॅमची सत्तावन्न झालेली. मुलगा रात्री रडत म्हणाला, “आई, मी तिला फार वेळ हातात धरलं ना, म्हणून ती रुसली.” माझ्या मनात मात्र भलतीच शंकेची पाल चुकचुकत होती.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “पेटीच्या उबदार कोपऱ्यात किती डिग्री असतं?” घरी येऊन थर्मामीटर ठेवला, तर एकवीस! हवं होतं बत्तीसच्या आसपास. थंड बाजूला पंचविसेक चालतं.

आणि मग उलगडा झाला. झोपण्यापूर्वी घरभर फिरून एकेक बटण बंद करायची माझी सवय. थंडीतलं विजेचं बिल पाहून मी पेटीखालच्या गरम गादीचंही बटण बंद करू लागले होते, आणि सकाळी शाळेच्या घाईत ते कितीदा तरी तसंच राहायचं. या प्राण्याला अंगची ऊब नसते. पोटाला ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो खातच नाही. शहाणी ती, वेडी मी!

मुलाला जवळ बसवून सांगितलं, “चूक तुझी नाही रे, माझी आहे.” सोपं नाही गेलं. पण निष्पाप पोराने अपराधी वाटून का घ्यावं?

दोन दिवस नुसती ऊब दिली. पाचव्या दिवशी बुंदीने एक अळी मटकावली!

मैत्रिणींनो, तुमच्या परदेशातल्या नातवंडा-भाचरांकडे अशी पाल असेल तर एवढं त्यांना जरूर कळवा :

खात नाही म्हणून तोंडात कोंबू नका. आधी उष्णता मोजा. थर्मोस्टॅट लावून गादी चालू ठेवा. कात टाकताना, विणीच्या दिवसांत, हिवाळ्यात किंवा नव्या घरी आल्यावर भूक मंदावते. मोठ्या, धष्टपुष्ट पालीला त्याने लगेच अपाय होत नाही. तिची शिदोरी शेपटीत असते, चरबीच्या रूपाने. म्हणून दर आठवड्याला वजन करा. शेपटी बारीक होऊ लागली, वजन उतरतच राहिलं, जुलाब झाले किंवा तोंड सुजलं, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर नको. पिल्लाच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका. ते उलट पालीलाच चावतात. आणि तिला हाताळल्यावर साबणाने हात धुवायला विसरू नका.

मी अजूनही रात्री बटणं बंद करत फिरते. फक्त एका बटणावर चिरंजीवांनी कागद चिकटवलाय : “आई, हे नाही!”