ऑपरेशन झाले, आता वेचणीला कधी जाऊ?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकुटबनच्या शिवारात बोंडे फुटू लागली की पहाटेपासून बायांची लगबग सुरू होते. भाकरी बांधायची, लेकराला सासूच्या हवाली करायचे, ओटीचे कापड कमरेला गुंडाळायचे आणि टोळीबरोबर वेचणीला निघायचे. ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची, पुन्हा भरायची. संध्याकाळी काटा लागतो. जेवढे किलो तेवढी मजुरी. या हिशेबात आजारपणाला जागा नाही.

आणि अशा बाईच्या छातीत गाठ निघाली तर? नागपूरला किंवा सेवाग्रामला ऑपरेशन होते, स्तन काढावा लागतो, काखेतल्या गाठीही काढतात. टाके घेऊन ती घरी येते. शहरातली बाई विचारते, ‘आता मी कशी दिसेन?’ ते दुःख आमच्या मजूर बाईलाही असतेच. पण ते गिळून ती आधी विचारते, ‘वेचणीला कधी जाऊ?’ हा प्रश्न पोटाचा आहे. त्याचे उत्तर दवाखान्याच्या गर्दीत कोणी सविस्तर देत नाही. ‘जड उचलू नका’ एवढे सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली जाते. जड म्हणजे किती? कधीपर्यंत? आणि जडच उचलायचे नाही तर पोटाला काय खायचे?

या लेखात तेवढ्याच प्रश्नांचा विचार करू.

छातीचे ऑपरेशन, त्रास मात्र हाताचा

ऑपरेशन छातीचे असले तरी कामाला अडते ते हातामुळे. छातीचा मोठा स्नायू खांद्याजवळ दंडाला जोडलेला असतो. ओढणे, ढकलणे, उचलणे यात तोच राबतो. शहरात काही स्त्रिया स्तनाचा आकार वाढवण्यासाठी ऑपरेशन करून घेतात, काहींचा कॅन्सरमुळे काढलेला स्तन डॉक्टर पुन्हा घडवतात. त्यात सिलिकॉनची पिशवी पुष्कळदा याच स्नायूखाली बसवतात. म्हणून त्यांनाही साधारण सहा आठवडे वजन उचलू देत नाहीत. ऑपरेशन कशासाठीही झालेले असो, जखम भरायला लागणारा वेळ कोणाच्याही गरजेसाठी कमी होत नाही.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आणखी एक गोष्ट होते. काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे हातातला रस परत वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात. त्यामुळे पुढे कधीही, महिन्यांनी किंवा वर्षांनीही, हाताला सूज येऊ शकते. काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेल्या साधारण पाच बायांपैकी एकीला हा त्रास होतो. शिवाय काखेतून जाणारी एक बारीक नस दुखावली वा कापली जाते. मग दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. तिथे खरचटले तरी कळत नाही. कापसाच्या वाळलेल्या बोंडाची टोके किती बोचरी असतात, हे वेचणारीला सांगायला नको. ज्या भागात बोचल्याचे कळत नाही, तो भाग रोज संध्याकाळी डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

पहिले सहा आठवडे

आपल्याकडे ऑपरेशन झालेला हात छातीशी धरून ठेवण्याची पद्धत आहे. माया करणारी सासूच सांगते, ‘हालवू नको गं.’ ही माया महागात पडते. हात बांधून ठेवला की खांदा आखडतो. मग झाडाच्या शेंड्याचे बोंड तर सोडाच, स्वतःची वेणीही घालता येत नाही.

म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच हाताने जेवावे, तोंड धुवावे, केस विंचरावेत. रस काढणारी नळी साधारण एक-दोन आठवडे असते. तोवर हात खांद्याच्या वर ताणू नये. नळी निघाल्यावर भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत ‘चढायची’. आज जिथपर्यंत बोटे पोचली तिथे कोळशाने खूण करावी. उद्या खुणेच्या थोडे वर. दिवसातून तीन वेळा. थोडा ताण बसला तर चालेल, कळ आली की थांबावे.

आता ‘जड’ म्हणजे काय ते पाहू. पाण्याने भरलेला गुंड दहा-पंधरा किलोंचा. वर्षाचे लेकरू आठ-नऊ किलोंचे. सरपणाची मोळी त्याहून जड. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत यातले काहीही उचलायचे नाही. तांब्या, ताट, भाकरीचे टोपले चालेल. गुंड घरातल्या पुरुषाने उचलावा. नवऱ्याने पाणी भरले म्हणून त्याची इज्जत जात नाही.

कामाची शिडी

सहा आठवडे झाले म्हणजे सरळ दिवसभराच्या वेचणीला, असेही नाही. पुढे केमोथेरपी असते, बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. अनेकींना ‘शेक’ म्हणजे रेडिएशनही असतो. सगळा उपचार सहा-आठ महिने चालतो. केमोच्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, साधी जखम चिघळते. म्हणून त्या दिवसांत शेणखत, उकिरडा, गोठा यांपासून दूर राहावे. फवारणीच्या शेतात तर पाऊलही टाकू नये. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. शेक घेतलेल्या कातडीवर ऊन पडू देऊ नये. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कापड घालावे.

डॉक्टरांनी मोकळीक दिली की एकेक पायरी चढावी. पहिल्या आठवड्यात दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. ओटी अर्धीच भरावी आणि लवकर रिकामी करावी. गाठोडे दुसरीने उचलावे. दोन्ही हात आलटून पालटून वापरावेत. तासाभराने पाच मिनिटे हात वर करून मूठ उघडझाप करावी. निंदणाला विळा-खुरपे धरताना त्या हातात मोजा घालावा.

एका जुन्या समजुतीबद्दल सांगितले पाहिजे. ‘त्या हाताने जन्मभर काही उचलायचे नाही’ असे पूर्वी डॉक्टरही सांगत. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या कॅथरिन श्मिट्झ यांनी ही समजूत तपासून पाहिली. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना त्यांनी वर्षभर, अगदी हलक्यापासून सुरुवात करून हळूहळू वजन वाढवत व्यायाम दिला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वजन उचलणाऱ्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रकार त्यांच्यात कमी झाले. याचा अर्थ एवढाच की हात निकामी झालेला नाही. त्याला हळूहळू कामाची सवय लावली तर तो पुन्हा राबू शकतो. एकदम पन्नास किलोंचे पोते उचलण्याचा हा परवाना मात्र नव्हे.

बांगडी काय सांगते?

सूज ओळखायला यंत्र लागत नाही. काल सहज फिरणारी बांगडी आज रुतू लागली, ब्लाउजची बाही घट्ट झाली, हात जड वाटू लागला, की समजावे. घट्ट बांगड्या त्या हातात घालूच नयेत. शिंप्याच्या टेपने महिन्यातून एकदा दोन्ही हात कोपराच्या वर आणि खाली, एकाच अंतरावर मोजावेत. दोन हातांत दोन सेंटीमीटरचा फरक वाढलेला दिसला तर दवाखाना गाठावा. सुरुवातीला आटोक्यात येणारी सूज पुढे हटत नाही. हात लाल झाला, गरम लागला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. हळद लावून वाट पाहू नये.

काढलेल्या स्तनाच्या जागी मऊ सुती कापडाची पिशवी करून तीत कापूस आणि थोडे वजन येण्यासाठी मोहरीसारखे बारीक दाणे भरून चोळीत बसवता येते. जखम पूर्ण भरल्यावरच ती वापरावी. एका बाजूचे वजन गेल्याने चालताना, वाकताना जो तोल जातो तो यामुळे सावरतो. ही लाजेची गोष्ट नाही. चष्मा किंवा काठी वापरण्यासारखेच ते आहे.

काहींना पाच ते दहा वर्षे हार्मोनची गोळी घ्यावी लागते. तिने अंगातून वाफा निघतात, सांधे दुखतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून ती गोळी मनाने बंद करू नये.

सुट्टीचा हक्क कोणाला?

मुकुटबनचा परिसर आता नुसता कापसाचा राहिलेला नाही. वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत, मुकुटबनला २०२२ पासून मोठा सिमेंट कारखाना आहे. म्हणजे इथे दोन प्रकारचे कष्टकरी एकाच गावात राहतात. एकाचा पगार कागदावर असतो, दुसरीचा वजनकाट्यावर.

आजारी कामगाराला पगार मिळाला पाहिजे, हा विचार आपल्या देशात कायद्यात आला त्यात बाबासाहेबांचा वाटा मोठा आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला.

या योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, पगारातून पाऊण टक्का कापला जातो. विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, दोन वर्षे नोकरी आणि वर्गणीचे ठरलेले दिवस भरले असतील, तर ८० टक्क्यांप्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत लाभ मिळतो. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या बहिणींनी आपली ईएसआयची कपात होते का आणि नंबर काय, हे आजच विचारून ठेवावे. आजारी पडल्यावर ते शोधणे कठीण जाते.

पण वेचणीच्या बाईला यातले काहीच नाही. शेतमजूर या योजनेच्या बाहेर आहे. तिच्यासाठी ऑपरेशन, केमो, शेक यांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होऊ शकतो. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे व योजनेत असलेल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावे. घर चालवायला काही आधार हवा असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरच्या रुग्णांचाही समावेश आहे. उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास झरी-जामणी तहसील कार्यालयात अर्ज करावा. उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सरच्या रुग्णाला शयनयान डब्यात पूर्ण सवलत आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठी दवाखान्याचे प्रमाणपत्र लागते. एस.टी.त बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहेच.

तरीही सहा-आठ महिन्यांची बुडालेली मजुरी कोणतीच योजना भरून देत नाही. इथे टोळीचे काम सुरू होते. तिला बांधावर बसून कापसातला काडीकचरा काढायला द्या, पाणी पाजायला द्या, लेकरे सांभाळायला द्या आणि दिवसाच्या मजुरीत तिचा वाटा ठेवा. किलोच्या हिशेबात ती मागे पडणारच. ‘आता तू काय कामाची?’ हे वाक्य कोणाच्या तोंडून निघू देऊ नका. आणि हा रोग शिवल्याने होत नाही, हे एकदा सर्वांनी नीट समजून घ्या.

गाठ दुखत नाही म्हणूनच

शेवटची गोष्ट खरे तर पहिली आहे. ही गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून बाई हंगाम संपेपर्यंत थांबते. मुंबईत टाटा मेमोरिअल रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, एवढ्यानेच पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. लवकर सापडलेल्या गाठीचे ऑपरेशन लहान असते, पुष्कळदा स्तनही वाचतो आणि हात लवकर कामाला लागतो.

तेव्हा मायबहिणींनो, येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा हा विषय काढा. आशाताईला बोलवा. लाज वाटेल, पण पहिल्या पाच मिनिटांपुरतीच. आणि वस्तीत कोणी ऑपरेशन करून आलेली बहीण असेल तर तिच्या दाराशी नुसती चौकशी करून परतू नका. तिचा गुंड भरून द्या.