पंथ नको म्हणता म्हणता : चर्चेस ऑफ क्राइस्टची गोष्ट

लूथर, कॅल्व्हिन यांना चर्चमध्ये सुधारणा हवी होती. आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. मधली अठराशे वर्षं बाजूला ठेवा आणि नव्या करारातली मंडळी जशीच्या तशी उभी करा, असा त्यांचा आग्रह. म्हणून त्यांना पुनःस्थापनावादी म्हणतात.

भांडण सुरू झालं ते प्रभुभोजनाच्या मेजावरून. थॉमस कॅम्पबेल हा आयर्लंडमधला प्रेस्बिटेरियन पाळक १८०७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आला. तिथे विखुरलेल्या वस्त्या, पाळक कमी. त्याने आपल्या उपपंथाबाहेरच्या प्रेस्बिटेरियनांनाही प्रभुभोजनाला बोलावलं. वरिष्ठांनी जाब विचारला, आणि शेवटी तो बाहेर पडला. इकडे त्याचा मुलगा अलेक्झांडर ग्लासगोला शिकत होता. तिथे प्रभुभोजनाला बसायचं तर आधी तपासणी होई, मग धातूचा एक बिल्ला मिळे. पठ्ठ्याने बिल्ला ताटात टाकला आणि भोजन न घेताच निघून गेला. दोघं १८०९ मध्ये अमेरिकेत भेटले, तेव्हा बाप-लेक वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचले होते.

केंटकीत बार्टन स्टोन हेच म्हणत होता. त्याने आणि सोबत्यांनी १८०४ मध्ये स्वतःची प्रेस्बिटरीच विसर्जित केली, आणि तिचं चक्क 'मृत्युपत्र' छापलं! १८३२ मध्ये लेक्सिंग्टनला दोन्ही गट एकत्र आले.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी : मतांगीकार नाही, बायबल पुरे. बाप्तिस्मा कळत्या वयात, पाण्यात बुडवून. प्रभुभोजन दर रविवारी. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र, तिचा कारभार वडील आणि डिकन पाहणार. वर बिशप नाही, मुख्य कार्यालय नाही.

आता गंमत बघा. बायबल बोलतं तिथे बोलायचं आणि ते गप्प तिथे गप्प राहायचं, हे ठरलं. पण गप्प राहणं म्हणजे परवानगी की मनाई? १८४९ मध्ये मिशनरी संस्था निघाली. काही म्हणाले, नव्या करारात अशी संस्था कुठे आहे? १८६०च्या सुमारास केंटकीत मिडवेच्या मंडळीत मेलोडियन आला. म्हणजे आपल्या पेटीच्याच कुळातलं वाद्य. पेटी वाजवू नका असं कुठे लिहिलंय, हा एक पक्ष. वाजवा असं तरी कुठे लिहिलंय, हा दुसरा. निवाडा द्यायला वर कोणीच नव्हतं.

नुसत्या पेटीने मंडळी फुटली, असं मात्र आम्हाला वाटत नाही. यादवी युद्धात दक्षिण भाग कंगाल झाला होता. उत्तरेतल्या शहरी मंडळ्या मोठी चर्चं बांधत होत्या, ऑर्गन घेत होत्या. दक्षिणेतल्या गरीब मंडळ्यांना ते डोळ्यांत खुपत होतं. १९०६च्या अमेरिकी धार्मिक गणनेत 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' वेगळे नोंदले गेले, आणि त्यांचे बहुसंख्य सभासद दक्षिणेतले होते. उरलेल्यांतूनही पुढे दोन वाटा झाल्या. 'डिसायपल्स ऑफ क्राइस्ट'नी १९६८ मध्ये आपण पंथ आहोत हे रीतसर मान्य करून मध्यवर्ती रचना स्वीकारली. बाकीच्या मंडळ्या स्वतंत्रच राहिल्या.

चर्चेस ऑफ क्राइस्टच्या बहुतेक मंडळ्या आजही वाद्याशिवाय गातात. सगळ्याच देशांत तसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या याच नावाच्या शाखेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या बारामतीत मिशन काढलं; त्याविषयी पुढच्या वेळी.